प्लांट महाडला, प्रयोगशाळा परगावी

बिरवाडीच्या फाट्यावर एसटीतून उतरलं की आज कुठल्या प्लांटला कुठली बॅच लागली आहे, हे आधी नाक सांगतं. महाड एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना हे वास पाठ असतात. ज्या रेणूचा हा वास, तो रेणू कुठल्या टेबलावर जन्मला, हे मात्र कुणाला सांगता येत नाही.

कारण ते टेबल इथे नसतं.

उदाहरण हवं? 2021 मध्ये प्रिव्ही स्पेशालिटी केमिकल्स आणि स्वित्झर्लंडची जिवोदाँ यांनी भागीदारी जाहीर केली. प्रिव्हीचा वाटा 51 टक्के, जिवोदाँचा 49. अत्तरात, साबणात, डिटर्जंटमध्ये लागणारे, थोड्या प्रमाणात बनवायचे सुगंधी घटक तयार करायचे. कुठे? महाडला. जिवोदाँचं मोठं संशोधन केंद्र कुठे? झुरिकजवळ केम्पथाल इथे. 2019 मध्ये उघडलं, खर्च 12 कोटी स्विस फ्रँक.

आणि केम्पथाल म्हणजे काही लंडन-पॅरिस नव्हे. छोटंसं खोऱ्यातलं गाव. ज्युलियस मॅगीचा सूपचा कारखाना होता, त्याच जागेवर हे केंद्र उभं आहे. म्हणजे गावात कारखाना असतो आणि त्याच गावात प्रयोगशाळाही असू शकते.

फक्त गाव स्वित्झर्लंडमधलं असावं लागतं काय?

दुसरं घ्या. विनती ऑरगॅनिक्स. 1992 पासून महाडला आयसोब्युटिल बेन्झीन बनवते. नाव अवघड आहे, पण त्यापासून जे बनतं ते तुमच्या-आमच्या घरात आहे : आयबुप्रोफेन, अंगदुखी-तापाची गोळी. गोळीतलं औषध शोधलं इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत. कच्चा माल बनवायचं तंत्र आणलं फ्रान्सच्या पेट्रोलियम संशोधन संस्थेकडून. महाड त्या मालाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक झालं.

शोध इंग्लंडचा, तंत्र फ्रान्सचं, घाम महाडचा. यात तक्रार नाही. 1989 मध्ये उभी राहिलेली नवी कंपनी तंत्र विकत घेणारच, आणि घ्यावंच. सुरुवात उसन्या पाटीवरूनच होते. प्रश्न पुढचा आहे. स्वतःची पाटी कधी घेणार?

याच कंपनीनं ती घेतलीही. तिचा दुसरा मोठा माल, एटीबीएस, तेलविहिरींपासून पाणी शुद्धीकरणापर्यंत सगळीकडे लागतो. त्याचं तंत्र आलं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून. पाषाणची, सरकारी पैशावर चालणारी एनसीएल. या मालात दादागिरी होती अमेरिकेच्या लुब्रिझोलची. पुढे लुब्रिझोलनंच या धंद्यातून अंग काढून घेतलं. घाटावरची एक सरकारी लॅब आणि कोकणातला एक प्लांट, दोघांनी मिळून हे केलं.

जमतं. जमवलं तर जमतं.

महाडात संशोधन अजिबात नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. कारखान्याला चिकटून काही ठिकाणी संशोधन विभाग आहेत. क्यूसीची लॅब तर प्रत्येकाकडे असते. पण क्यूसी म्हणजे ठरलेला माल ठरल्यासारखा उतरला का, हे बघणं. काय ठरवायचं, हे ठरवणारी लॅब वेगळी. हायकलचा कारखाना महाडला, लॅब हिंजवडीला. अ‍ॅस्टेकचे कारखाने महाडला, 2023 मध्ये उघडलेलं संशोधन केंद्र रबाळ्याला. म्हणजे परदेश दूरच राहू द्या. आपल्याच राज्यात टेबल घाटावर किंवा खाडीपल्याड, आणि रिअ‍ॅक्टर सावित्रीच्या काठी.

कंपन्या म्हणतील, त्यात बिघडलं काय? लॅबमध्ये शोधायचं, प्लांटमध्ये बनवायचं. टेक्नॉलॉजी ट्रान्सफर नावाची एक फाइल असते, ती ईमेलनं जाते.

फाइल जाते. उष्णता जात नाही.

हे जरा नीट बघू, कारण सगळी मेख इथेच आहे. प्रयोगशाळेत रिअ‍ॅक्शन होते एक लिटरच्या काचेच्या फ्लास्कमध्ये. तापली तर फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बसवायचा. तीच रिअ‍ॅक्शन प्लांटवर दहा हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये करायची. माल झाला दहा हजार पट, उष्णताही दहा हजार पट. पण ज्या भिंतीतून ही उष्णता बाहेर पडायची, ती भिंत त्याच प्रमाणात वाढत नाही. ती वाढते जेमतेम साडेचारशे पट. हे गणित दहावीच्या घनफळाचं आहे, त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही.

मग उरलेली उष्णता कुठे जाते? रिअ‍ॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये पाणी नीट फिरत असेल तर पाण्यात. नसेल तर व्हेंटमधून वर. आणि वरही वाट नसेल तर शेड घेऊन.

म्हणून प्लांटवर दुसरा कच्चा माल एकदम ओतत नाहीत. तासन् तास, धार लावून सोडतात. किती बारीक धार? बॅच शीटवर एक आकडा छापलेला असतो. तो आकडा जिथे ठरला तिथे थंडी होती, काच होती आणि एसी होता. महाडला जुलैत हवा इतकी दमट असते, की कूलिंग टॉवरचं पाणी गार व्हायचं नाव घेत नाही. मग छापलेला आकडा काय कामाचा?

तेव्हा कामाला येतो ऑपरेटर. थर्मामीटरचा काटा दोन अंश चढायच्या आत त्याला कळतं, ढवळणीचा आवाज जड झालाय. तो व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो, ब्राइन, म्हणजे गार खारं पाणी, वाढवतो, थांबतो. त्यानं जे केलं, त्याला कागदावर म्हणतात प्रोसेस डेव्हलपमेंट. त्याचं नाव पेटंटवर नसतं. पुष्कळदा कंपनीच्या हजेरीपटावरही नसतं.

तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस.

नोव्हेंबर 2023 मध्ये महाड एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. एनडीआरएफ बोलवावी लागली. माणसं गेली. त्यानंतर चौकशा झाल्या, भरपाईचं बोलणं झालं. पण रिअ‍ॅक्शनची उष्णता आधीच मोजून धोका सांगणारी यंत्रं असतात, रिअ‍ॅक्शन कॅलरीमीटर म्हणतात त्यांना. जिथे दहा हजार लिटर तापतात तिथे हाकेच्या अंतरावर, कुठल्याही छोट्या कारखान्याला भाड्यानं वापरता येईल अशी ही सोय का नको? संशोधन म्हणजे केवळ नवं अत्तर काय? पोरगं शिफ्टवरून घरी परत येईल, याचंही शास्त्र असतं.

आता जरा मुंबईत मुलुंडला जाऊ. तिथे जर्मनीच्या होएख्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. भारतीय शास्त्रज्ञ, भारतीय वनस्पती. 1970 च्या दशकात तिथे कोलियस जातीच्या झुडपाच्या मुळातून फोर्स्कोलिन वेगळं काढलं गेलं. पेशींचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लॅबमध्ये आजही त्याची बाटली असते. असं केंद्र कुणी सोडेल?

सोडलं. 1998 मध्ये ते निकोलस पिरामलला विकलं गेलं. पुढच्याच वर्षी होएख्स्ट स्वतः फ्रान्सच्या रोन-पूलांकमध्ये मिसळून अव्हेंटिस झाली. 2014 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकानं बंगळुरूचं संशोधन केंद्र बंद केलं, तेही असंच दूरवरच्या आराखड्यात बसवून. परदेशी कंपनीची इथली लॅब कितीही हुशार असो, तिचा मुक्काम पाहुण्याचा. निरोपाची तारीख यजमान ठरवत नाही.

पण याच होएख्स्टची दुसरी गोष्ट ऐका. तिचा रंगद्रव्यांचा धंदा 1997 मध्ये क्लॅरियंटकडे गेला. क्लॅरियंटकडून 2022 मध्ये ह्यूबाखकडे. ह्यूबाख म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांची जर्मन पेढी. एप्रिल 2024 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका कंपनीनं ती विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि मार्च 2025 मध्ये व्यवहार पुरा केला. किंमत 12.75 कोटी युरो.

घेणारी कंपनी कोण? सुदर्शन केमिकल. पुण्याची, 1951 सालची. कारखाने रोह्याला आणि महाडला.

वाचा पुन्हा. रायगड जिल्ह्यात रंग घोटणाऱ्या कंपनीनं होएख्स्टच्या रंगांचा वारसा विकत घेतला. आता तिची जगभर 19 ठिकाणं झाली. जर्मनीतल्या कुठल्या लॅबनं काय करायचं, हे आता पुण्यात ठरणार. मुलुंडच्या वेळी निर्णय फ्रँकफर्टला झाला होता, या वेळी उलट दिशेनं होणार. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं कारण नाही.

पण अभिमान वाटला की लगेच एक प्रश्नही पडतो. इतकी वर्षं आपण एकमेकांना सांगत आलो, कंपनी परदेशी म्हणून डोकं परदेशात. आता कंपनी आपली. मग आता डोकं कुठे?

पुण्यात. 

आणि रोहा-महाडला?

रिअ‍ॅक्टर.

मालक बदलला, जात्याची खुंटी तीच राहिली. आता दोष द्यायला स्वित्झर्लंड नाही, जर्मनी नाही. आता बोलणी घरातच करायला हवीत.

पोलादपूर ओलांडा, कशेडी घाट उतरा, खेडच्या पुढे लोटे परशुराम एमआयडीसी लागते. तिथली गोष्ट याहून टोकदार आहे. इटलीत विचेन्झा जिल्ह्यात त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. त्याचा जन्मच मुळी संशोधनातून झालेला. मारझोत्तो या कापड कंपनीनं 1960 च्या दशकात काढलेली ती संशोधन शाखा. पुढे तिथे फ्लोरिनची रसायनं बनू लागली. न मोडणारी, न कुजणारी, ज्यांना जग आज पीफास म्हणून ओळखतं. ती जमिनीत मुरली, पाण्यात उतरली. 2013 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यात ती दाखवून दिली. साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. 2018 मध्ये मितेनी बुडाली. जून 2025 मध्ये विचेन्झाच्या न्यायालयानं कंपनीशी संबंधित 11 जणांना मिळून 141 वर्षांच्या शिक्षा सुनावल्या.

कारखान्याचं काय झालं? 2019 मध्ये लिलाव झाला. यंत्रं, आराखडे, पेटंटं, युरोपातल्या नोंदण्या, सगळं घेतलं लक्ष्मी ऑरगॅनिक या कंपनीच्या समूहानं. तिचे जुने कारखाने महाडला आहेत. इटलीची यंत्रं सुटी होऊन लोट्याला आली.

लोट्यात तसंच काही घडलं, असं मी म्हणत नाही. आरोप करायला पुरावा लागतो. मी लिलावाची यादी वाचतोय. त्या यादीत बनवायचं ज्ञान होतं. बिघडलं तर ओळखायचं कसं, हे ज्ञान त्या यादीत नव्हतं.

असणार कसं? ते कंपनीच्या कपाटात नव्हतंच. ते होतं सरकारी शास्त्रज्ञांकडे, गावातल्या डॉक्टरांकडे, मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन न्यायालयासमोर उभ्या राहिलेल्या आयांकडे. बनवायचं शास्त्र जहाजात चढतं. तपासायचं शास्त्र ज्याचं त्यालाच गावात उभारावं लागतं.

आणि आपल्याकडे ते कुणी उभारलंय? सावित्री महाबळेश्वरावरून उतरते, पोलादपूरला येते, तिथून महाडला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात सावित्रीचा दादली पूल ते मुठवली हा टप्पा आहे. म्हणजे पोलादपूरहून येणारी नदी महाड शहराच्या पुलापाशी यादीत शिरते. खाडीतल्या मच्छीमारांना हे कळायला यादी लागली नाही. जाळ्यात मेलेला मासा आला की त्यांचा अहवाल तयार. पण तो अहवाल कुठल्या कार्यालयात आवक क्रमांक घेत नाही.

आता नेहमीची सबब. 'इथे माणसं मिळत नाहीत हो.' चांगला शास्त्रज्ञ महाडला येत नाही. त्याच्या बायकोला नोकरी हवी, मुलांना शाळा हवी, विमानतळ हवा.

शाळा हवी हे खरं. दवाखाना हवा हेही खरं. पावसाळ्यात शहर पाण्यात जातं. जुलै 2021 आठवली की आजही पोटात गोळा येतो. तळिये गाव तेव्हाच दरडीखाली गाडलं गेलं, पोलादपूरच्या बाजूलाही दरडी कोसळल्या. माणूस का थांबेल इथे? हा प्रश्न मी उडवून लावणार नाही.

पण मग प्लांटवरच्या माणसांचा ताफा कसा थांबतो? त्याच पावसात, त्याच दवाखान्यावर? त्याला विमानतळ लागत नाही का? लागत असेल. त्याला कुणी विचारत नाही.

आणि माणसं मिळत नाहीत म्हणजे काय? महामार्गावर अर्ध्या तासावर लोणेरे आहे. 1989 मध्ये स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. केमिकल इंजिनिअरिंग शिकवतात, पेट्रोकेमिकल शिकवतात. महाडला कॉलेज, पोलादपूरला कॉलेज. एका बाजूला केमिकल शिकलेली पोरं, दुसऱ्या बाजूला केमिकलचे कारखाने, मध्ये 25 किलोमीटरचा रस्ता. जगात कुठेही ही मांडणी दिली असती, तर लोकांनी तिथे पायलट प्लांट टाकला असता.

आपण तिथे कंपनीची बस टाकली.

पोलादपूरची बीएस्सी केमिस्ट्री झालेली मुलगी त्या बसनं येते, क्यूसीत आठ तास टायट्रेशन करते, त्याच बसनं घरी जाते. एमएस्सी करायची तर घर सोडायचं. पीएच.डी. करायची तर कोकण सोडायचं. त्यापुढे देश. ती हुशार असेल तर जाईलच, आणि जावं. उद्या तीच केम्पथालच्या एखाद्या टेबलावर बसून महाडला पाठवायचा बॅच शीट लिहील. तेव्हा आपण तिचा सत्कार करू आणि विचारू, 'गावासाठी काय करणार?' हा प्रश्न तिला विचारायचा, की ती पहिल्यांदा बसमध्ये चढली त्या दिवशी कंपनीला?

सरकारचं काय? 1970 च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त पद्धतीवर दिलं. दुसऱ्या पद्धतीनं तोच रेणू बनवायला आपली पोरं शिकली. कोकणातली ही सगळी रासायनिक पट्टी त्या शिकण्यावर पोसली. 2005 मध्ये रेणूचं पेटंट परत आलं. म्हणजे आता नक्कल पुरत नाही, शोध हवा. नेमक्या याच काळात कंपनीनं स्वतःच्या संशोधनावर केलेल्या खर्चाला मिळणारी 200 टक्के करवजावट 2017 मध्ये 150 वर आणली, 2020 मध्ये 100 वर. जिथे ढकलायला हवं होतं तिथे हात काढून घेतला.

आता 1 लाख कोटी रुपयांची संशोधन योजना आली आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. आनंद आहे. त्यातला रुपया कशेडी घाटापर्यंत पोचतो का, एवढंच बघायचं.

पण दिल्लीची वाट बघायची गरजच नाही. कायदा आधीच हाताशी आहे. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायला लावले. ते कुठे खर्च करायचे, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. शाळेच्या वह्या त्यात बसतात, शौचालय बसतं, झाडं बसतात. आणि सरकारी विद्यापीठातलं विज्ञान-तंत्रज्ञानाचं संशोधनही बसतं. स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणजे महाडच्या कंपन्यांनी दोन टक्क्यांतला तुकडा एकत्र करून लोणेऱ्याला रिअ‍ॅक्शन कॅलरीमीटर ठेवला, सावित्रीचं पाणी महिन्याच्या महिन्याला तपासणारी लॅब उभी केली, आणि पोलादपूरच्या त्या मुलीला तिथे पगारी पीएच.डी.ला बसवलं, तर एकही कायदा आडवा येत नाही. कुठल्या स्विस भागीदाराची परवानगी लागत नाही. जर्मनीला फोन करावा लागत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सीएसआरचे साहेब वह्या-दप्तरं घेऊन शाळेत आले, बॅनर लागला, फोटोला मुलं रांगेत उभी केली, की सरपंचांनी वह्या जरूर घ्याव्यात. मुलांना लागतात त्या. मग फोटो काढून व्हायच्या आत साहेबांना विचारावं : तुमच्या कंपनीत नवीन काय शोधायचं हे ठरवणारी माणसं किती, त्यातली महाड-पोलादपूरला राहणारी किती, आणि हा आकडा पुढच्या वर्षी किती होणार?

उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावं. तारखेसकट.